पेट्रोलात तेल : कुठे घालावे, कुठे घालू नये

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. आमच्या कोरपना तालुक्यात एका गावी दोघे भाऊ राहतात. दोघेही आमच्या हाताखाली शिकलेले. थोरला शेती पाहतो. सहा एकर पऱ्हाटी, मध्ये थोडी तूर. धाकट्याने हप्त्यावर एक जुनी मोटार घेतली आहे. गडचांदूर, राजुरा, चंद्रपूर अशी माणसे नेतो-आणतो. कोणाला दवाखान्यात न्यायचे असले तर मध्यरात्रीही उठतो.

एकाच आठवड्यात त्या घरातली दोन्ही इंजिने बिघडली. थोरल्याचा फवारणीचा पंप भर शेतात जाम झाला. दोरी ओढली तर हलेना. धाकट्याची मोटार पांढरा-निळा धूर सोडू लागली. मिसिंग मारू लागली. चढावर दम तोडू लागली. दोघे भाऊ आमच्या ओट्यावर येऊन बसले. आम्ही काही मिस्त्री नाही. पण मुलांना विज्ञान शिकवता शिकवता जन्म गेला आणि बरीच वर्षे लुना चालवली. म्हणून लोक विचारायला येतात.

आम्ही थोरल्याला विचारले, "पंपात काय घातले होते?"

तो म्हणाला, "मोटारसायकलीसाठी आणलेलं पेट्रोल होतं गुरुजी. तेच टाकलं. तेलाची बाटली संपली होती. म्हटलं, एक दिवस चालते."

"आणि तू रे?"

धाकटा म्हणाला, "मी त तेल टाकलं जी! लोकं म्हणते, आताचं पेट्रोल कोरडं हाय. लिटरमागं दोन झाकणं टू-टी तेल टाकलं त इंजिन गुळगुळीत चालते."

म्हणजे पाहा. जिथे तेल हवे होते तिथे घातले नाही. जिथे नको होते तिथे घातले. तेल तेच, पेट्रोल तेच. मग एकाला ते न मिळाल्याने मरण आले आणि दुसऱ्याला मिळाल्याने खोकला लागला, असे का झाले? हे समजून घेऊ. यात अवघड काही नाही.

बंडीच्या आसाला वंगण लागते, हे तुम्हांला सांगायला नको. वंगण नसले की चाक कुरकुरते. लोखंड लोखंडाला घासते, तापते, झिजते. इंजिनाचेही तसेच. इंजिनात एक नळकांडे असते. त्यात दट्ट्या वर-खाली होतो. मिस्त्री त्याला पिस्टन म्हणतात. मिनिटाला तो हजारो वेळा वर-खाली होतो. त्याच्या मधे तेलाचा पातळ पापुद्रा नसला, तर थोड्याच वेळात दट्ट्या तापून फुगतो आणि नळकांड्यात घट्ट बसतो. यालाच इंजिन जाम होणे म्हणतात. थोरल्याच्या पंपाचे हेच झाले.

आता खरा मुद्दा. हे तेल दट्ट्यापर्यंत पोचवायचे कसे? त्याच्या दोन रीती आहेत. म्हणून इंजिनाच्याही दोन जाती आहेत. एक टू-स्ट्रोक, दुसरी फोर-स्ट्रोक. स्ट्रोक म्हणजे दट्ट्याची एक खेप. वर गेला, एक खेप. खाली आला, दुसरी खेप. दोन खेपांत एकदा पेट्रोल पेटते ते टू-स्ट्रोक. चार खेपांत एकदा पेटते ते फोर-स्ट्रोक.

टू-स्ट्रोकमध्ये दट्ट्याच्या खाली एक बंद पेटी असते. दट्ट्या वर गेला की त्या पेटीत पेट्रोल आणि हवा ओढली जाते. दट्ट्या खाली आला की तीच हवा बाजूच्या वाटेने वर ढकलली जाते. मग प्लगची ठिणगी पडते आणि ती पेटते. म्हणजे पेट्रोल आधी खालच्या पेटीतून फिरून मग वर जाते. त्या पेटीत तेल साठवून ठेवता येत नाही. ठेवले तर पेट्रोलाबरोबर तेही वर जाऊन जळून जाईल. म्हणून तेल पेट्रोलातच मिसळून द्यायचे. पेट्रोल जाता जाता ते तेल वाटेत सगळीकडे लावत जाते. हे इंजिन रोजमजुरीवरच्या घरासारखे आहे. आज आणले तरच आज खायचे. एक दिवस आणले नाही, की चूल बंद.

फोर-स्ट्रोकचे तसे नाही. त्याच्या घरात कणगी भरलेली असते. इंजिनाच्या तळाशी तेलाची टाकी असते. त्यातले तेल इंजिन स्वतःच उडवून किंवा पंपाने चढवून सगळ्या भागांना लावते. उरलेले तेल दट्ट्यावरच्या कड्या खरवडून परत खाली पाठवतात. पेट्रोल मात्र वरून, झडपांच्या वाटेने येते, वरच जळते आणि वरूनच धूर होऊन निघून जाते. ते खाली उतरतच नाही. म्हणून पेट्रोलात घातलेले तेल या इंजिनात वंगणाच्या कामाला लागत नाही. ते सरळ आगीत पडते. अर्धेमुर्धे जळते आणि काजळी धरते. प्लगवर काजळी, झडपांवर काजळी. तेलाने पेट्रोलाची प्रतही उतरते. मग ते वेळेआधी पेटते आणि इंजिन आतून ठोके देते. नव्या मोटारींत आणखी एक भानगड आहे. धूर शुद्ध करण्यासाठी नळीत मोहोळाच्या पोळ्यासारखी एक जाळी बसवलेली असते. तिच्याआधी धूर तपासणारा एक सेन्सर असतो. तेलाचा धूर रोज बसत गेला की सेन्सर आंधळा होतो आणि जाळी निकामी होते. ही जाळी फार महाग असते. धाकट्याचे नशीब, की तो महिन्याभरातच थांबला. प्लग बदलले, सेन्सर बदलला, तेवढ्यावर निभावले. तरी तीन दिवस मोटार उभी राहिली आणि त्या महिन्याचा हप्ता चुकला.

तुम्ही म्हणाल, एवढे वाईट आहे तर लोक असे सांगतात तरी का? लोक अगदी हवेतले बोलत नाहीत. त्यामागे जुन्या आठवणी आहेत.

एके काळी आपल्याकडे रस्त्यावरची बहुतेक दुचाकी वाहने टू-स्ट्रोकच होती. राजदूत, येझदी, बजाजची चेतक स्कूटर, सगळी त्याच जातीची. पुण्याच्या कायनेटिक कंपनीने १९७२ साली लुना काढली. खेड्यातल्या मास्तरला आणि ग्रामसेवकाला परवडणारे पहिले वाहन तेच. पंपावर गेले की आधी मापाने तेल, मग पेट्रोल, आणि मग गाडी दोन्ही हातांनी धरून डावीकडे-उजवीकडे हलवायची, म्हणजे ते मिसळते. ते दृश्य आमच्या वयाच्या माणसांना अजून आठवत असेल. परदेशात तर मोटारीही अशा होत्या. पूर्व जर्मनीत १९५७ पासून ट्राबांट नावाची मोटार निघाली. ती टू-स्ट्रोक होती. तिच्याही पेट्रोलात तेल घालावे लागे आणि ती धूर सोडत जाई. तेव्हा मोटारीत तेल घालणे हे काही वेड्याचे काम नव्हते. पण ती मोटार त्या जातीची होती. १९८५ साली आपल्याकडे हिरो होंडाची चार स्ट्रोकची मोटारसायकल आली. ती पेट्रोलही कमी खायची. हळूहळू सगळे त्या वाटेने गेले. धुराचाही त्रास होताच. दिल्लीत सुटे टू-टी तेल विकायला सर्वोच्च न्यायालयाच्या १९९८ च्या हुकमाने बंदी झाली आणि पंपावरच मापात मिसळून द्यायचे ठरले. कारण लोक अंदाजाने दुप्पट-तिप्पट तेल ओतत आणि शहर धुराने भरे. आज तुमच्या दारातली मोटारसायकल, मोपेड, मोटार ही बहुधा चार स्ट्रोकचीच असते.

दुसरी आठवण शिशाची. पूर्वी पेट्रोलात शिसे मिसळत. त्याने जुन्या इंजिनांच्या झडपांची बैठक झिजत नसे. पण शिसे विषारी. मुलांच्या मेंदूला घातक. म्हणून फेब्रुवारी २००० पासून देशभर बिनशिशाचे पेट्रोल आले. तेव्हापासून 'पेट्रोल कोरडे झाले' ही बोली सुरू झाली. पुढच्या इंजिनांत झडपांची बैठक कठीण धातूची करू लागले, त्यामुळे त्यांना शिशाची गरजच उरली नाही.

तिसरी गोष्ट अलीकडची. आता पेट्रोलात इथेनॉल मिसळतात. इथेनॉल म्हणजे उसाची मळी, मका, तांदूळ यांपासून केलेला स्पिरिट. २०२५ साली हे प्रमाण २० टक्क्यांवर आले. जुन्या गाड्यांतल्या रबरी नळ्यांना ते बाधते, आणि त्याने गाडी लिटरमागे थोडे कमी अंतर जाते, हे खरे आहे. पण टू-टी तेल हा त्यावरचा उपाय नव्हे. तेलाने रबर वाचत नाही आणि अंतरही वाढत नाही. नळी चिरली असेल तर नळी बदलावी.

टू-स्ट्रोकवाल्यांनी मात्र या इथेनॉलकडे लक्ष द्यावे. इथेनॉल पाणी ओढून घेते. ओल्या दिवसांत डबा उघडा राहिला, किंवा मिसळलेले पेट्रोल महिनोन्‌महिने तसेच पडले, तर पाणी आणि इथेनॉल तळाशी बसते. पेट्रोल आणि तेल वर राहते. पंपाची नळी तर तळातून ओढते! म्हणजे तेल घातलेले असूनही इंजिनाला ते मिळत नाही. म्हणून दोन-तीन दिवसांच्या फवारणीपुरतेच मिसळावे. हंगाम संपला की टाकी रिकामी करून पंप ठेवावा.

आता माप. तेल किती घालायचे ते पंपाच्या पुस्तिकेत किंवा टाकीच्या झाकणावर लिहिलेले असते. ५०:१ असे लिहिले असेल तर ५० भाग पेट्रोलाला १ भाग तेल. एक लिटर म्हणजे १००० मिलिलिटर. १००० ला ५० ने भागा. २० आले. म्हणजे लिटरला २० मिलिलिटर. २५:१ लिहिले असेल तर १००० ला २५ ने भागा. लिटरला ४० मिलिलिटर. दुकानदार सांगतो म्हणून दुप्पट घालू नका. जास्त तेलाने प्लग काळा पडतो आणि पंप सुरू होत नाही. तेल टू-टीच हवे. मोटारीतून काढलेले जळके तेल चालत नाही, घरातले खायचे तेल तर नाहीच. (पहिल्या महायुद्धात विमानांच्या इंजिनांत एरंडीचे तेल घालत असत, हे वाचून आम्हांला गंमत वाटली होती. आपल्या बंडीचे वंगण आकाशात उडत होते म्हणायचे! पण ती इंजिने वेगळी.)

मापासाठी औषधाच्या बाटलीचे झाकण घेऊ नका. हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. तेच झाकण कीटकनाशकाला, तेच तेलाला, आणि त्याच हाताने तंबाखू. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषाने कितीतरी शेतकरी आणि मजूर दगावले. ते विसरून चालणार नाही. बिनसुईची नवी सिरिंज किंवा खुणा असलेला पेला वेगळा ठेवा. गरम इंजिनावर पेट्रोल ओतू नका आणि बिडी पेटवून तर जवळही जाऊ नका.

सगळेच फवारणी पंप टू-स्ट्रोक नसतात, हेही पाहावे. काही पंपांना आणि गवत कापायच्या यंत्रांना चार स्ट्रोकचे इंजिन असते. ओळख सोपी आहे. पेट्रोलच्या झाकणाशिवाय तेलासाठी वेगळे झाकण असेल, तर ते चार स्ट्रोक. तिथे पेट्रोल नुसते आणि तेल तेलाच्या जागी.

आमची स्वतःचीही एक चूक सांगून टाकतो. परीक्षेचे दिवस होते. पंपावर गर्दी. आम्ही घाईत लुनात पेट्रोल घेतले, तेल राहिले. गडचांदूरच्या अलीकडे इंजिनाने किंकाळी फोडल्यासारखा आवाज केला आणि चाक अडले. उन्हात दोन कोस लुना ढकलली. पेपर सुरू झाल्यावर केंद्रावर पोचलो. मुलांसमोर मान वर करवेना. बोअर-पिस्टन बदलायला अर्धा पगार गेला. म्हणून थोरल्याला आम्ही फार बोललो नाही.

त्याचाही बोअर-पिस्टन गेला. सुटा भाग यायला चार दिवस लागले आणि तेवढ्यात बोंडअळीने दोन एकरांत हात धुऊन घेतला. आता त्या घरात दोन डबे आहेत. एक तांबडा, एक पांढरा. थोरल्याची बायको गेल्या वर्षीच अक्षरे शिकली. तिने तांबड्यावर लिहिले आहे 'पंप, तेल घातलेले' आणि पांढऱ्यावर 'गाडी, नुसते'. अक्षर जरा वाकडे आहे, पण दुरून वाचता येते.

तरी चूक झालीच, तर काय करावे? तांबड्या डब्यातले थोडे पेट्रोल मोटारीत किंवा मोटारसायकलीत पडले तर घाबरू नका. वरून टाकी भरून नुसते पेट्रोल घाला. तेल पातळ होऊन जळून जाईल. थोडा धूर दिसेल, मग थांबेल. पांढऱ्या डब्यातले पंपात पडले, तर मात्र दोरी ओढूच नका. टाकी उपडी करून रिकामी करा आणि तेल मिसळलेले भरा. पंप सुरू झाल्यावर लक्षात आले, तर लगेच बंद करा. थंड होऊ द्या. दोरी हाताने हळू ओढून पाहा. मोकळी फिरली तर टाकी बदलून पुन्हा चालवा. अडली तर जोर लावू नका, मिस्त्रीकडे न्या.