छाती वाजते म्हणजे नेमकं काय?

आई म्हणते, "डॉक्टर, रात्रभर छाती वाजत होती." आजी म्हणते, "घुरघुर होती नुसती." बाबांना वाटतं, नाकच चोंदलंय. तिघं एकाच मुलाबद्दल बोलत असतात आणि केसपेपरवर मला मात्र एकच शब्द लिहायचा असतो: व्हीझ. तो लिहिण्याआधी मी प्रत्येकाला तो आवाज तोंडाने काढून दाखवायला सांगते. मुलांच्या डॉक्टरने हे करायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे.

व्हीझ हा शब्द वैद्यकात जन्मलेला नाही. इंग्रजीत तो पंधराव्या शतकापासून आढळतो आणि बहुधा जुन्या नॉर्स भाषेतून आलाय. तिथल्या मूळ क्रियापदाचा अर्थ फूत्कारणे. दम्यात श्वासनलिका आकसतात, आतून सुजतात, त्यात चिकट कफ साचतो. श्वास सोडताना त्या आणखी चिंबतात आणि अरुंद वाटेने सुटणाऱ्या हवेने त्यांच्या भिंती पिपाणीच्या जिभलीसारख्या थरथरतात. म्हणून व्हीझची ही शिटी बहुतेक वेळा श्वास सोडताना ऐकू येते. चोंदलेल्या नाकाची घुरघुर वेगळी. नाक साफ केलं की ती जाते.

डॉक्टरांची स्वतःची भाषाही फार स्वच्छ नव्हती. पॅरिसच्या नेकर रुग्णालयात 1816 मध्ये रने लेनेक यांनी कागदाची सुरळी रुग्णाच्या छातीला लावली आणि त्यातून स्टेथोस्कोप आला. 1819 च्या ग्रंथात छातीतल्या अशा आवाजांना त्यांनी राल हे नाव दिलं. पण फ्रेंच माणसाला राल म्हटलं की मरणासन्न माणसाचा गळा आठवे. रुग्ण घाबरू नये म्हणून खाटेपाशी ते राँकस हा लॅटिन शब्द वापरत. पुढच्या डॉक्टरांनी मात्र ही दोन वेगळ्या आवाजांची नावं करून टाकली! लेनेक यांची ती काळजी मला फार जवळची वाटते. आपल्याकडे 'घरघर लागली' म्हणजे काय, हे कुठल्याही आजीला सांगावं लागत नाही. म्हणून तिच्यासमोर मी तो शब्द टाळते.

शब्दाचा हा घोळ संशोधनातही आडवा येतो. मुलांच्या दम्याचा आयसॅक हा जागतिक अभ्यास 1991 मध्ये सुरू झाला. त्यात मुंबईही होती. व्हीझला प्रत्येक भाषेत नेमका शब्द मिळेना, म्हणून लेखी प्रश्नांच्या जोडीला दम लागलेल्या मुलांची दृश्यंच व्हिडिओवर दाखवण्याची सोय केली गेली. आणि हा गोंधळ परभाषेतच होतो असंही नाही. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या लंडनच्या एका पाहणीत पालकांचं आणि डॉक्टरांचं व्हीझबाबत निम्म्या वेळाही जुळलं नव्हतं.

म्हणून पालकांनो, शब्द शोधत बसू नका. मुलाचा सदरा वर करून मोबाइलवर अर्धा मिनिट व्हिडिओ काढा. आवाज येतोच, शिवाय बरगड्यांमधली जागा आत ओढली जाते का, तेही दिसतं.

आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. दम लागलेल्या मुलाची शिटी थांबली, पण त्याला बोलवेना, ते मलूल झालं, ओठ निळसर दिसू लागले, तर त्याला बरं वाटतंय असं समजू नका. शिटी वाजायलाही हवा आत-बाहेर व्हावी लागते; ती फारशी होत नसली की छाती गप्प होते. अशा वेळी व्हिडिओ राहू द्या. हाताशी असलेला आराम देणारा पंप देत देत मुलाला थेट हॉस्पिटलात न्या.