सर्व्हिस की साबिसु? शब्द एकच, पण पैसे कोण देणार?

आज एकच शब्द घेऊ या, तोही इंग्रजी: ‘सर्व्हिस’. हा शब्द आपण भारतातून येताना बरोबर घेऊन आलो. इथे पोचलो तर तो आपल्या आधीच येऊन बसलेला! फक्त इथे त्याचं नाव झालंय ‘साऽबिसु’. नाव बदललं तसा स्वभावही बदललाय, आणि तो कसा बदललाय हे माहीत नसेल तर कधी हसू होतं, कधी खिशाला चाट बसते.

आधी आपल्या घरातलीच सर्व्हिस पाहा. “मुलगा काय करतो?” “सर्व्हिसला आहे.” इथे सर्व्हिस म्हणजे नोकरी, महिन्याच्या पगाराची. “माझी पंचवीस वर्षं सर्व्हिस झाली” असं काका सांगतात. सरकारी नोकराचं सर्व्हिस बुक असतं. गाडी आपण सर्व्हिसिंगला टाकतो. हायवेच्या कडेला सर्व्हिस रोड असतो. हॉटेलात जेवण उशिरा आलं की “इथली सर्व्हिस स्लो आहे” म्हणतो. आणि एसटी १९४८ मध्ये सुरू झाली, त्याआधी गावोगाव धावणाऱ्या खाजगी बसला जुनी माणसं ‘सर्व्हिस मोटार’ म्हणायची.

इंग्रजीत याहून मोठा पसारा आहे. टेनिसमधली सर्व्हिस वेगळी, चर्चमधली प्रार्थना म्हणजे सर्व्हिस वेगळी, सैन्यातली वेगळी. मूळ शोधत गेलं तर लॅटिनमधला ‘सर्वुस’ हा शब्द सापडतो. त्याचा अर्थ गुलाम, दास. म्हणजे मुळात ही बिनपगारी कामाची गोष्ट! पुढे तिच्यातून पगारी नोकरीही निघाली आणि देवाची सेवाही निघाली. आपल्या ‘सेवा’ शब्दाचंही तसंच नाही का? ‘सेवानिवृत्त’ माणूस पगार घेत होता, पण आईवडिलांची सेवा करणारा कुणी पगार मागत नाही.

आता जपानीत या. दुकानदार जास्तीचं काही हातात ठेवून म्हणाला, “कोरे वा साबिसु देसु,” तर त्याचा अर्थ “हे आमच्याकडून, फुकट.” आपला भाजीवाला मूठभर कोथिंबीर वर टाकतो ना, तीच ही साबिसु. नागोया भागातल्या कॉफीच्या दुकानांत सकाळी नुसती कॉफी मागवली तरी टोस्ट आणि उकडलेलं अंडं येतं, त्याला ‘मॉनिंगु साबिसु’ म्हणतात. इंग्रजी माणूस ‘मॉर्निंग सर्व्हिस’ ऐकून चर्चला निघेल! गंमत म्हणजे सेवेसाठी जपानीत ‘होशि’ हा जुना शब्द आहे, तोही दुकानात सवलतीच्या मालावर लावलेला दिसतो. म्हणजे गिऱ्हाइकाची सेवा करणं आणि त्याला स्वस्तात किंवा फुकट देणं, या दोन गोष्टी इथल्या दुकानदारीत अगदी शेजारीशेजारी बसल्यात.

पण याच शब्दाला ‘र्‍यो’ जोडला, ‘साबिसु-र्‍यो’ झाला, की तो फुकट राहत नाही. मोठ्या हॉटेलच्या बिलात दहा-पंधरा टक्के साबिसु-र्‍यो लागतो, तो आपला सर्व्हिस चार्ज. तेव्हा मागे काय जोडलंय ते आधी बघायचं.

गॅरेजमध्ये तर हा शब्द जपून वापरा. “गाडीची साबिसु करायची आहे” असं म्हणालात तर समोरच्याला वाटेल, तुम्ही काहीतरी फुकट मागताय. गाडी तपासून घ्यायची असेल तर ‘तेंकेन’ म्हणा. सरकारी सक्तीची तपासणी म्हणजे ‘शाकेन’. नव्या खाजगी मोटारीची पहिली शाकेन तीन वर्षांनी, पुढे दर दोन वर्षांनी. आणि शेजाऱ्यांना “मी सर्व्हिस करतो” सांगू नका, “काइशाइन देसु,” कंपनीत नोकरीला आहे, एवढं पुरे.

आता घर. मुसाशी-कोसुगीच्या उंच इमारतींत जागा बघताना नकाशावर ‘२ एसएलडीके’ असं वाचायला मिळतं. त्यातला ‘एस’ म्हणजे साबिसु रूम. बिल्डरने फुकट दिलेली खोली नव्हे ती! जपानच्या बांधकाम कायद्यानुसार राहायच्या खोलीला पुरेसा उजेड लागतो; उजेड देणारी खिडकी साधारणपणे खोलीच्या क्षेत्रफळाच्या एक सप्तमांश तरी हवी. हे ज्या खोलीत बसत नाही तिला राहायची खोली म्हणता येत नाही, म्हणून तिला ‘साबिसु रूम’ किंवा ‘नांदो’ म्हणतात. आपल्या भाषेत कोठीची खोली. अशा खोलीत बऱ्याचदा एसीची सोय नसते. भारतातून आईबाबा उन्हाळ्यात तीन महिने येणार असतील आणि त्यांना तीच खोली द्यायचा विचार असेल, तर सही करण्याआधी खिडकी कुठे उघडते आणि एसी बसतो का, हे डोळ्यांनी पाहून घ्या.

वयाची गोष्ट निघालीच आहे, तर ‘डे साबिसु’ बघू. सकाळी रस्त्यावर छोट्या पांढऱ्या गाड्या आजीआजोबांना घरून घेऊन जाताना दिसतात, ती ही डे साबिसु. दिवसभर जेवण, आंघोळ, व्यायाम, संध्याकाळी परत घरी. ही फुकट नाही. ‘काइगो होकेन’ या विम्यातून ती चालते. हा विमा जपानमध्ये एप्रिल २००० पासून आहे. उत्पन्नाप्रमाणे दहा, वीस किंवा तीस टक्के खर्च वापरणाऱ्याने द्यायचा. तुम्ही इथले नोंदणीकृत रहिवासी असाल आणि चाळिशी ओलांडली असेल, तर त्याचा हप्ता तुमच्याही पगारातून जातो. पगाराच्या चिठ्ठीवर बघा. मात्र ९० दिवसांच्या व्हिसावर आलेल्या आईबाबांना तो लागू होत नाही. त्यांच्यासाठी प्रवासी विमा वेगळा काढावाच लागतो.

मुलांसाठीही एक डे साबिसु आहे, शाळा सुटल्यानंतरची. शिकण्यात, बोलण्यात किंवा वाढीत वेगळी मदत लागणाऱ्या शाळकरी मुलांसाठी ती असते. तिचा साधारण दहा टक्के खर्च पालकांचा, त्यालाही उत्पन्नानुसार महिन्याची कमाल मर्यादा ठरलेली आहे. त्यासाठी आपल्या वॉर्डाच्या कार्यालयातून, म्हणजे कुयाकुशोतून, दाखला काढावा लागतो. घरात गरज असेल तर लाजू नका, विचारा. हक्काची गोष्ट आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं: ऑफिस. इथे एक जोडशब्द आहे, ‘साबिसु झांग्यो’. झांग्यो म्हणजे ओव्हरटाइम. पुढे साबिसु लागलं की फुकट! म्हणजे ज्या जादा कामाचे पैसे मिळत नाहीत ते. कानाला हा शब्द इतका सौम्य वाटतो की जणू आपण मनाने दिलेली भेट. पण कायद्यात अशी भेट नाही. १९४७ च्या श्रम मानक कायद्यानुसार दिवसाचे आठ आणि आठवड्याचे चाळीस तास ही मर्यादा. त्यापुढच्या कामाला किमान २५ टक्के जादा दर, महिन्यात ६० तासांच्या पुढे गेलं तर ५० टक्के. रात्री दहा ते पहाटे पाचच्या कामाला आणखी २५ टक्के. हा कायदा पासपोर्ट बघत नाही. परदेशी माणसालाही तोच लागू.

काही करारांत ठरावीक तासांचा ओव्हरटाइम पगारातच धरलेला असतो. अशा वेळी करारावर किती तास लिहिलेत ते वाचा. त्यापुढच्या तासांचे पैसे वेगळे मिळायला हवेत. खऱ्या अर्थाने व्यवस्थापक पदावर असलेल्यांचे आणि काही विशिष्ट कामांचे नियम वेगळे आहेत, म्हणून आपला करार कोणत्या प्रकारचा आहे हे आधी समजून घ्या. रोज आल्या-गेल्याची वेळ स्वतःच्या वहीत लिहून ठेवा. एप्रिल २०२० नंतरच्या थकलेल्या पगारासाठी सध्या तीन वर्षांपर्यंत मागे जाऊन मागणी करता येते. शंका असेल तर श्रम मानक तपासणी कार्यालयात विचारता येतं. कावासाकी आणि साइवाइ वॉर्डांसाठी ‘कावासाकी मिनामि’, बाकीच्या पाच वॉर्डांसाठी ‘कावासाकी किता’. तक्रार केली म्हणून नोकरीत त्रास देणं कायद्याने मना आहे.

आणि याच ऑफिसातून थकून आलेले बाबा रविवारी मुलांना घेऊन तामा नदीकाठी जातात, त्यालाही जपानीत नाव आहे: ‘काझोकु साबिसु’, कुटुंबाची साबिसु! घरातल्या बाईने वर्षभर केलेल्या कामाला मात्र कुणी साबिसु म्हणत नाही. तिला विचारलंत तर ती म्हणेल, “माझी तर सगळीच साबिसु झांग्यो!” यावर आज जेवताना घरी जरूर बोला.

शेवटी थोडं फिरायला. तोमेइ महामार्गाने हाकोनेकडे निघालात की एबिना इथे पहिला ‘साबिसु एरिया’ लागतो: जेवण, पेट्रोल, स्वच्छतागृह, सगळं. पण कावासाकीहून समुद्राखालून किसाराझुला जाणाऱ्या, १९९७ मध्ये सुरू झालेल्या आक्वालाइनवरचं उमिहोतारु हे ‘पार्किंग एरिया’ आहे. तिथे खायला-प्यायला भरपूर, पण पेट्रोल मिळत नाही. टाकी आधीच भरा!

तर मंडळी, पुढच्या वेळी साबिसु हा शब्द कानावर पडला की दोन गोष्टी विचारा. त्याला पुढेमागे काय जोडलंय? आणि याचे पैसे कोण देतंय: दुकानदार, विमा, गिऱ्हाईक, की काम करणारा माणूस स्वतः? उत्तर शेवटचं असेल, तर फक्त हसून सोडून देऊ नका.

आजचा भाग इथेच थांबवू या. आपली ही साबिसु मात्र खरोखर फुकट बरं का!