अकरा हजार निघाले, सत्तावीस पोहोचले

अमेरिकेची मूळ राज्यघटना केवढी? चर्मपत्राची चार पानं. फक्त चार! शब्द साडेचार हजारांच्या आसपास. आपली राज्यघटना इंग्रजीत दीड लाख शब्दांच्या घरात जाते, म्हणजे आपल्या एका घटनेच्या पोटात त्यांच्या तीस सहज मावतील. १७८७ च्या सप्टेंबरात फिलाडेल्फियात जेकब शॅलस नावाच्या कारकुनानं ती सुवाच्य अक्षरात उतरवली आणि मेहनताना घेतला ३० डॉलर. मधली महागाई विसरून आजचा दर लावा: अडीच-पावणेतीन हजार रुपये. शब्दामागे जेमतेम साठ पैसे! महासत्तेची घटना, साठ पैसे शब्द.

आता ही चार पानं बदलायला जाऊ. १७८९ पासून अमेरिकी काँग्रेसमध्ये घटनादुरुस्तीचे ११ हजारांहून जास्त प्रस्ताव आले. दर आठवड्याला साधारण एक, तेही सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ! प्रत्येक प्रस्तावाला आपल्या स्लीपरच्या ७२ बर्थच्या डब्यात जागा देऊ. दीडशेहून जास्त डबे लागले. तीन किलोमीटरहून लांब गाडी! काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं मिळवून राज्यांच्या दारापर्यंत गेले किती? ३३. अर्धा डबासुद्धा नाही. आणि मुक्कामाला उतरले २७.

त्यातही गंमत पाहा. पहिल्या दहा दुरुस्त्या एकाच दिवशी, १५ डिसेंबर १७९१ ला पार पडल्या. १९१९ मध्ये अठराव्या दुरुस्तीनं दारूबंदी आणली, १९३३ मध्ये एकविसावीनं ती उठवली. त्या दहा आणि ही जोडी खात्यातून वजा. उरल्या पंधरा. दोन शतकांत पंधरा!

पण खरी चक्कर येते ती वेगानं. मतदानाचं वय १८ वर आणणारी सव्विसावी दुरुस्ती १९७१ मध्ये काँग्रेसमधून सुटली आणि १०० दिवसांत पोहोचली. सत्ताविसावी मात्र निघाली २५ सप्टेंबर १७८९ ला. मागणी साधीच: खासदारांनी पगार वाढवला, तर तो पुढची निवडणूक झाल्यावरच लागू व्हावा. तेव्हा पुण्यात सवाई माधवराव गादीवर होते. पेशवाई बुडाली, मुंबई-ठाणे आगगाडी धावली, इंग्रज गेले, महाराष्ट्र राज्य झालं, आणि ही बाई अजून वाटेतच! १९८२ मध्ये टेक्सास विद्यापीठातल्या ग्रेगरी वॉटसन या विद्यार्थ्यानं तिच्यावर निबंध लिहिला, त्याला ‘सी’ मिळाला, आणि पठ्ठ्या इरेला पेटून राज्याराज्यांना पत्रं धाडत सुटला. ७ मे १९९२ ला ती पोहोचली. ७४,००३ दिवस! मुंबई-पुणे १९२ किलोमीटरचा लोहमार्ग तिनं एवढ्या दिवसांत तुडवला असता, तर रोजची चाल भरली असती अडीच मीटरच्या थोडी वर. सव्विसावीची? रोज जवळजवळ दोन किलोमीटर.

एवढं अडतं कुठे? ५० पैकी ३८ राज्यांची मंजुरी लागते. म्हणजे १३ राज्यं गप्प बसली की खेळ खलास. सर्वांत लहान १३ निवडू. २०२० च्या जनगणनेनुसार त्यांची मिळून लोकसंख्या दीड कोटीलाही कमी. २०११ मध्ये एकट्या मुंबई महापालिकेच्या हद्दीत सव्वा कोटी माणसं होती! त्या दीड कोटींच्या हाती ३३ कोटींच्या देशाची घटना अडवण्याची किल्ली. अजून खाली उतरू. राज्यांच्या विधिमंडळांची सभागृहं सगळी मिळून ९९. दोन सभागृहं असलेल्या राज्यात मंजुरी दोन्हींची लागते, म्हणजे एका राज्यातलं एकच सभागृह अडलं की ते राज्य बाद. ९९ पैकी वेगवेगळ्या राज्यांतली नेमकी १३ पुरतात! आणि अलास्काच्या सिनेटमध्ये सदस्य किती? वीस. त्यांतल्या दहांनी विरोधात मत दिलं, की बहुमत हुकलं आणि अलास्का गेलं.