ऱ्हाईनकाठी एकटीच

वाल्डॉर्फ म्हटलं की आपल्याला सॅप कंपनीच आठवते. समुद्र इथून फार लांब. पण सायकलवर तास-दीड तासात ऱ्हाईन नदी येते. मे महिन्यातल्या एका रविवारी मी एकटीच निघाले. होकेनहाइमवरून स्पायर, साधारण वीस किलोमीटर. रस्ता सपाट, कडेला श्पार्गलची, म्हणजे पांढऱ्या शतावरीची शेतं. पूल ओलांडला की स्पायरचं हजार वर्षं जुनं कॅथेड्रल. काठावर मालवाहू जहाजं बघत पोळी-भाजी खाल्ली.

सायकलीचं माहेरही याच पट्ट्यातलं! कार्ल ड्राइस यांनी १८१७ साली जवळच्या मानहाइममध्ये पायांनी ढकलायची दुचाकी चालवली.

आईनं फोनवर विचारलं, "एकटीच? भीती नाही वाटली?" म्हटलं, आई, एकटेपणा खोलीत जास्त जाणवतो गं, सायकलवर तो मागे पडतो.