जालन्याचें बेथेल

जालना शहराजवळ बेथेल नांवाची एक वस्ती आहे. शब्द हिब्रू असून त्याचा अर्थ 'देवाचें घर' असा होतो. ती वसविणारा पुरुष मात्र ब्राह्मणकुलांतला होता, हें आपल्या घरांतून पुष्कळांस ठाऊक नसतें.

नारायण शेषाद्रि यांनीं 1843 सालीं मुंबईंत ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पाठोपाठ धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे गेला. पित्यानें न्यायालयाच्या द्वारें त्यास परत मिळविलें. मुलास प्रायश्चित्त देऊन जातींत घ्यावें यासाठीं बाळशास्त्री जांभेकरांनीं खटपट केली, तेव्हां मुंबईच्या ब्राह्मणांत दोन तट पडले. त्या वादावर पुष्कळ लिहिलें गेलें. थोरल्या भावानें पुढें काय केलें, याची चौकशी मात्र आपण फारशी केली नाहीं.

नारायणराव स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे धर्मोपदेशक झाले आणि निजामच्या राज्यांतील जालन्यास आले. त्यांच्याकडे वळले ते बहुतेक मांग समाजाचे लोक. आतां मांग हा गांवगाड्यांतला बलुतेदार. दोर वळावे, गांवचीं कामें करावीं, वर्षाकांठीं धान्य घ्यावें. गांवचा देव सोडला कीं गांवचें बलुतें तुटण्याचें भय. अशा माणसास नुसता बाप्तिस्मा देऊन चर्चचें कार्य संपतें काय? नारायणरावांचें उत्तर म्हणजे बेथेल. निजामचे दिवाण सालारजंग यांजकडून त्यांनीं जमीन मिळविली. तीवर उपासनामंदिर झालें. त्याबरोबर शाळा, विहिरी, शेती, सुतारकाम, लोहारकाम हेंही आलें. मुसलमान दिवाणानें ब्राह्मणकुलांतील ख्रिस्ती उपदेशकास मांगांकरितां जमीन द्यावी, हा योग विरळाच!

हे लोक पोटासाठीं बाटले, असें आपल्याकडे सहज म्हटलें जातें. पण राजे ब्राह्मणांस अग्रहार देत, ते कशासाठीं? योगक्षेमाची चिंता मिटली तर स्वाध्याय चालेल, एवढ्याचसाठीं ना? अग्रहारांतला वेदपाठ पोटासाठीं होता असें कोणी म्हटलें, तर आपणांस तें रुचणार नाहीं. मग तोच न्याय बेथेलच्या प्रार्थनेस कां लावूं नये? धर्मांतर मला स्वतःला मान्य नाहीं. तथापि जो आश्रय आपण दिला नाहीं, तो दुसऱ्यानें दिल्याबद्दल त्याच्यावर रागावणें मला न्याय्य वाटत नाहीं.

या योजनेंत वैगुण्य नव्हतें असें नाहीं. वेशीबाहेरचा माणूस वेशीच्या आंत आला नाहीं. त्यास निराळी वेस मिळाली. शेजाऱ्यांचें मन बदलण्याचें काम तसेंच राहिलें, आणि तें एकट्या चर्चचें नव्हतें.

नारायणराव 1891 सालीं परदेशच्या प्रवासांत समुद्रावर वारले. पुढें 1970 सालीं नागपुरांत अनेक प्रॉटेस्टंट पंथ एकत्र येऊन उत्तर भारताचें चर्च स्थापन झालें. मिशनच्या नांवानें चाललेलें रुग्णालयही जालन्यास परिचित आहे. तेथें दुखणें घेऊन जातांना आपल्या लोकांस सोंवळें आडवें आल्याचें ऐकिवांत नाहीं.