एक इंजिन बंद पडलं तर? ‘पंख्याच्या विमाना’च्या पायलटचं काम समजून घ्या

बेळगावचं सांबरा, कोल्हापूरचं उजळाईवाडी, हुबळी किंवा सिंधुदुर्गातलं चिपी. मोठ्या शहरांपासून दूर असलेल्या या विमानतळांच्या प्रवाशांना दोन पंख्यांचं ‘एटीआर-७२’ ओळखीचं आहे. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी चिपी विमानतळ सुरू झाला, तेव्हा मुंबईहून तिथं उतरलेलं अलायन्स एअरचं विमानही हेच. इंडिगोनंही २०१७ च्या अखेरीस एटीआर ताफ्यात घेतलं. तरीही विमानात चढताना कुणीतरी विचारतंच, ‘पंख्याचं म्हणजे जुनं विमान ना हो?’

जुनं नव्हे, वेगळं. आणि चालवायला सोपं तर अजिबात नव्हे.

पंखा का?

पंख्यामागे जेट विमानासारखंच टर्बाइन इंजिन असतं. फरक इतकाच, की त्याची बहुतेक ताकद पंखा फिरवण्यात खर्च होते. म्हणून याला ‘टर्बोप्रॉप’ म्हणतात. ताशी सुमारे ५०० किलोमीटर वेग, सत्तरच्या आसपास प्रवासी आणि तास-दीड तासाचा पल्ला असेल तर जेटपेक्षा याला इंधन बरंच कमी लागतं. छोट्या शहरांची विमानसेवा परवडते ती यामुळे. ‘उडान’ योजनेतलं २७ एप्रिल २०१७ चं पहिलं सिमला-दिल्ली उड्डाणही एटीआरनंच झालं होतं.

कॉकपिटमध्ये हाताला काम जास्त

आजच्या मोठ्या जेटमध्ये इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारी स्वयंचलित यंत्रणा असते. एटीआरमध्ये ती नाही. वेग सांभाळायला पायलटला पॉवर लिव्हर हातानंच मागे-पुढे करावे लागतात. विमान वळवणारे आणि वर-खाली नेणारे पृष्ठभागही केबल आणि दांड्यांनी थेट पायलटच्या हातापायांशी जोडलेले. वाऱ्याचा झोत आला की तो हाताला जाणवतो.

पॉवर लिव्हरच्या शेजारी आणखी दोन लिव्हर असतात, ‘कंडिशन लिव्हर’. इंजिनाचं इंधन आणि पंख्याच्या पात्यांचा कोन यांच्याशी त्यांचा संबंध. या विमानाची खरी परीक्षा इथंच आहे.

‘फेदर’ म्हणजे काय?

धावत्या गाडीच्या खिडकीबाहेर तळहात वाऱ्याला आडवा धरला तर हात मागे फेकला जातो. तोच सुरीसारखा उभा धरला तर वारा कापत जातो. बंद पडलेल्या इंजिनाच्या पंख्याचं तसंच. पाती वाऱ्याला आडवी राहिली तर पंखा ब्रेकसारखा विमानाला ओढतो. म्हणून पाती वाऱ्याच्या धारेत वळवायची, यालाच ‘फेदर’ करणं म्हणतात. उड्डाणाच्या वेळी इंजिन गेलं तर एटीआरमध्ये हे आपोआप होतं.

एकाच इंजिनावर हे विमान उडू शकतं, चढूही शकतं. पण उजवं इंजिन गेलं की नाक उजवीकडे वळू लागतं, आणि ते सरळ ठेवायला डाव्या पायानं पेडल जोरात दाबून धरावं लागतं. यावरून पायलटना एक साधी खूण शिकवतात: ज्या पायाला काम नाही, त्या बाजूचं इंजिन गेलं.

घाई झाली की

४ फेब्रुवारी २०१५ रोजी तैपेईहून निघालेल्या ट्रान्सएशियाच्या एटीआरमध्ये उड्डाणानंतर लगेच उजवा पंखा यंत्रणेतल्या बिघाडामुळे आपोआप ‘फेदर’ झाला. डावं इंजिन ठणठणीत होतं. पण गडबडीत कॅप्टननं त्याचीच ताकद कमी केली आणि मग तेच बंद केलं. चूक लक्षात आली तेव्हा उशीर झाला होता. तीन मिनिटांच्या आत विमान किलुंग नदीत कोसळलं. ५८ पैकी ४३ जण गेले.

१५ जानेवारी २०२३ ला नेपाळमधल्या पोखऱ्यात दोन्ही इंजिनं चालू होती. उतरताना पंखांचे फ्लॅप सोडायच्या लिव्हरऐवजी हात कंडिशन लिव्हरवर गेला, असं चौकशीत निघालं. दोन्ही पंखे फेदर झाले, ताकद संपली. ७२ पैकी कुणीही वाचलं नाही.

म्हणूनच या पेशात हात आवरायला शिकवतात. इंजिन गेलं तरी आधी विमान सरळ आणि वेगात ठेवायचं, ठरलेली उंची गाठेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. मग एकानं लिव्हरवर हात ठेवून नाव उच्चारायचं, दुसऱ्यानं पाहून ‘बरोबर’ म्हणायचं, त्यानंतरच लिव्हर हलवायचा. दोघांपैकी कुणीही गप्प बसलं की ही साखळी तुटते.

सरावाचा फरक किती पडतो?

जपानच्या मित्सुबिशी कंपनीचं ‘एमयू-२’ हे छोटं, दोन इंजिनांचं टर्बोप्रॉप अमेरिकेत अपघातांसाठी बदनाम होतं. वेगवान, पण चुकीला माफी नाही असं. विमानावर बंदी घालण्याऐवजी अमेरिकी नियामकानं २००८ मध्ये त्याच्या पायलटसाठी खास प्रशिक्षण सक्तीचं केलं. विमान तेच राहिलं, अपघात मात्र घटले.

भारतातही एअरलाइनच्या पायलटला वर्षातून दोनदा सिम्युलेटरमध्ये परीक्षा द्यावी लागते. इंजिन बंद पडणं, आग, धूर हे सगळं तिथं घडवून आणतात. नापास झालं तर पुन्हा प्रशिक्षण, आणि तोवर उड्डाण बंद. नोकरी करणाऱ्या माणसासाठी दर सहा महिन्यांनी रोजीरोटीच पणाला लागते.

रोजचा दिवस

जेटचा पायलट एका लांब फेरीत एकदाच उतरतो. एटीआरचा पायलट दिवसात चार-चार वेळा उतरू शकतो. उड्डाण आणि उतरणं हेच सर्वांत जोखमीचे टप्पे, म्हणजे त्याच्या दिवसात तेच जास्त. त्यात हे विमान जेटइतकं उंच जात नाही. २५ हजार फूट ही त्याची कमाल मर्यादा. त्यामुळे बऱ्याचदा ढगांच्या वरून जाता येत नाही, चुकवून जावं लागतं. तिथं पंखांवर बर्फ धरण्याचा धोका असतो. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या रोझलॉन इथं अशाच बर्फामुळे एटीआर कोसळून ६८ जण दगावले होते.

पावसाळ्यात सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना ढग धावपट्टीवर टेकतात. ठरलेल्या उंचीपर्यंत खाली येऊनही धावपट्टी दिसली नाही, तर पायलटनं पुन्हा वर जायचं, हा नियम आहे. मग विमान दुसरीकडे वळतं, प्रवासी वैतागतात, कुणाचं लग्न चुकतं, कुणाची डॉक्टरची वेळ. ‘एवढ्या जवळ येऊन उतरवलं का नाही?’ हा प्रश्न तेव्हा हमखास येतो. एटीआरच्या कॉकपिटमध्ये त्याचं उत्तर आधीच ठरलेलं असतं: घाई करायची नाही.