चार फूट पाणी

पहाटे ५

आमच्या घरात सगळ्यांत आधी शेळ्या जाग्या होतात. चार काळ्या उस्मानाबादी, त्यातली एक परवाच व्याली, जुळं झालं. जिल्ह्याचं नाव यंदा धाराशिव झालं, शेळीचं मात्र अजून कुणी बदललेलं नाही. त्यांना पाला टाकला, चूल पेटवली आणि बॅटरी घेऊन शेताकडे निघाले. २०२३ चा नोव्हेंबर, कार्तिकी एकादशी दोन दिवसांवर आलेली. गावातली निम्मी म्हातारी माणसं पंढरपूरच्या वाटेला लागली आहेत. आमच्या आत्याबाई गेल्या नाहीत. "विठोबा समजून घेईल, हरभरा नाही घेणार," असं म्हणाल्या.

त्या माझ्याआधी शेतात पोचलेल्या. रात्री हरभऱ्यावर धुतलेलं धोतर अंथरून ठेवतात, दवाबरोबर त्यात आंब उतरते, ती पिळून बाटलीत भरतात. पोट दुखलं की चमचाभर. मीही दोन ओळी शेंडे खुडले. शेंडा खुडला की हरभऱ्याला फांद्या फुटतात, आणि संध्याकाळची भाजीही निघते. बोटं आंबट होतात, ती दिवसभर तशीच राहतात.

सकाळी ६

शेततळ्यावर. एक वेळूची काठी आहे, तिच्यावर लेकीनं दर फुटाला लाल नेलपॉलिशची रेघ मारून दिली आहे. लातूरला कॉलेजात असते, हिशेबही तिनंच शिकवला. तळं वर पंधरा बाय पंधरा मीटर, खोली तीन, काठ उताराचे. काठोकाठ भरलं तर चार लाख चाळीस हजार लिटर. पण काठ उतरते असल्यामुळे तळाकडचा फूट वरच्या फुटापेक्षा कितीतरी लहान. अर्धी खोली भरली म्हणजे अर्धं पाणी, असं नसतं. हे कळायला मला दोन वर्षं लागली आणि एकदा वांगी वाळली.

यंदा ते भरलंच नाही. गौरी-गणपतीच्या पावसात सहा फुटांवर आलं आणि थांबलं. आज काठी चार फुटांवर भिजली. सव्वा लाख लिटर, थोडं जास्त.

अर्ध्या एकरातल्या ज्वारीला पाच सेंटीमीटरची एक पाळी द्यायची तर एक लाख लिटर लागतं. मग उरतं पंचवीस हजार, त्यात भाजी आणि शेळ्या. पुढचा पाऊस जूनचा मृग धरला तर साडेसहा महिने. काठी झुडपाला टेकवून ठेवली. निर्णय आज घ्यायचाच आहे, कारण ज्वारी साठ दिवसांची झाली, पोटरीत आली. या वेळी पाणी मिळालं तर कणीस भरतं, नाही तर पोटरीतच अडकतं.

सकाळी ८

सावडीनं शेजारच्या भाऊजींचे बैल आले. त्यांच्या तुरीला आम्ही दोन दिवस राबलो होतो, ते आज फिटलं. बैलांच्या तोंडाला मुसकी बांधली, नाही तर पोटऱ्या खात चालतील. आज तिसरी कोळपणी, दातेरी कोळप्यानं.

ही गोष्ट शहरातल्या पाहुण्यांना समजावणं अवघड जातं. त्यांना कोळपणी म्हणजे तण काढणं वाटतं. तण केव्हाच गेलं. आजचं काम भेगा बुजवायचं. काळी जमीन वाळली की आकसते आणि तडकते. ओळींच्या मधे बोटभर रुंदीची भेग, आत काडी घातली तर वीतभर जाते. त्या भेगेच्या दोन्ही भिंतींमधून खालची ओल उडते, शिवाय वाढत्या पिकाची बारीक मुळं तुटतात. कोळपं फिरलं की वरची दोन-तीन बोटं माती भुसभुशीत होऊन भेगेत पडते, आणि ओल वर चढायचा रस्ता मोडतो. म्हणून म्हणतात, एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी. सोलापूरचं कोरडवाहू शेती संशोधन केंद्र १९३३ पासूनचं. तिसऱ्या आठवड्यात फटीचं कोळपं, पाचव्यात पासेचं, आठव्यात दातेरी, असं वेळापत्रक तिथून आलेलं पत्रक सांगतं. आत्याबाई पत्रक न वाचता तेच सांगतात, फक्त आठवडे नक्षत्रांत मोजतात.

कोळपं मी धरते. गावात पहिल्या वर्षी लोक बांधावर थांबून बघत.

हा एकर माझ्या नावावर नाही, सातबारा मालकांचाच, म्हणजे नवऱ्याचा. पण पिकं मी ठरवते. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर आमच्या भागात बायकांचे गट उभे राहिले. त्यांच्यासोबत राहिलेल्या 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेनं पुढे एक एकराची शेती मांडली: घरच्या रानातला एक एकर बाईनं मागून घ्यायचा, त्यात नगदी एकच पीक नाही, खायची दहा पिकं लावायची, रसायन कमी, पाणी कमी. या कामाला २०१७ साली संयुक्त राष्ट्रांचं इक्वेटर पारितोषिक मिळालं. मी मागितला तेव्हा घरात कुणी नाही म्हणालं नाही. फक्त दिला तो सगळ्यांत वाईट एकर. वरच्या अंगाला मुरमाड, खालच्या अंगाला नाल्याकडची भारी जमीन, मधे चढ.

तोच चढ उपयोगी पडला. खाली मालदांडी पेरली, वरच्या हलक्या रानात फुले अनुराधा, ती हलक्या जमिनीसाठीच काढलेली. पेरणीआधी जुलैत रब्बीच्या रानात वाफे पाडून ठेवले होते, जेवढा पडला तेवढा पाऊस तिथंच मुरला. कडेनं करडईच्या दोन ओळी: काट्यांमुळे गुरं आत शिरत नाहीत, आणि तिचं मूळ एवढं खोल जातं की तिला पाणी विचारावं लागत नाही. दहा गुंठे हरभरा, पाच गुंठे भाजी, राहिलेल्यात तूर. तुरीत मूग होता, तो केव्हाच घरात आला.

यंदाच्या ऑगस्टविषयी काय सांगायचं. १९०१ पासून मोजायला लागले तेव्हापासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट. मालकांच्या चार एकरांत सोयाबीन होतं, फुलात होतं, फुलं जमिनीवर पडली. ३१ ऑक्टोबरला सरकारनं ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात आमचा लोहारा. एक रुपयाचा पीक विमा भरला आहे. रक्कम येईल तेव्हा येईल. पण विमा आला तरी त्यातून कडबा मिळत नाही, हे सोयाबीनवाल्यांच्या आत्ता ध्यानात येतंय. ज्वारी ही दोन पिकं असतात, वर माणसाचं आणि खाली जनावराचं. दाणा कमी भरला तरी धाट उभं राहतं. यंदा सरकारनं आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष साजरं केलं, मालदांडीला ३,२२५ रुपये हमीभाव लावला. आत्याबाईंना सांगितलं तर विचारतात, "भाकरीचंबी वरीस असतंय व्हय?"

खालचे दहा गुंठे कोळपून साडेदहाला बैल सोडले. वरच्या मुरमाडात कोळपं घातलंच नाही. भाऊजींनी विचारलं, का. म्हटलं, बघू.

सकाळी ११

खालच्या रानात खुरप्यानं वीतभर खोल माती काढली आणि मुठीत दाबली. लाडू झाला. अंगठ्यानं ढकलला तर फुटला, पण भुकटी झाली नाही. वरच्या रानातली माती मुठीतून वाळूसारखी निसटली. दोन्हीकडची ज्वारी एकाच आठवड्यात पेरलेली. वरची पानं अकरा वाजताच सुरळी करून बसलेली, खालची अजून उघडी. उन्हात पानं मिटणं ठीक, सकाळीच मिटणं ठीक नाही.

दुपारी १

भाकरी, शेंगांची चटणी, काल उरलेलं पिठलं. जेवून पाठ टेकली.

दुपारी ३

गटाची बैठक, समाजमंदिराच्या ओट्यावर. तेरा बाया, त्यातल्या दोन जागेवरच पेंगल्या. बियाणं मोजलं. मडक्यात राख आणि कडुलिंबाचा पाला घालून ठेवलेलं मालदांडीचं, बाजरीचं, देशी वालाचं. ज्याला द्यावं त्यानं सुगीत दीडपट परत करायचं, असा आमचा नियम. यंदा तिघींनी मागणी केली, पुढच्या मृगाला सोयाबीनमधला एकेक एकर काढून बाजरी-तूर लावतो म्हणाल्या. घरी विचारलं का, असं मी विचारलं. एकीनं सांगितलं, "आधी बी घेते, मग विचारते."

संध्याकाळी ५

परत आले तर आमच्या खालच्या बांधावर माणसं. मालकांनी पाणाड्या बोलावला होता. तळहातावर आडवा नारळ ठेवून तो चालत होता. नाल्याजवळ नारळ उभा राहिला. सगळे बघत राहिले, मीसुद्धा. खोटं कशाला बोलू, नारळ उभा राहताना अंगावर काटा येतो.

"सातशे फुटांवर दोन इंची लागंल," तो म्हणाला.

आमच्या खाली काळा पाषाण. पाणी असतं ते वरच्या झिजलेल्या थरात आणि खडकाच्या फटींत, फट लागली तर लागली. शेजारच्या भाऊजींनी पाच वर्षांत तीन बोअर घेतले, दोहोंतून फुफाटा निघाला, तिसरा होळीपर्यंत चालतो. दोनशे फुटांच्या खाली जायला कायद्यानं मनाई आहे, हे गाडीवाल्यालाही माहीत असतं आणि ज्याच्या रानात गाडी उभी असते त्यालाही. गाडी रात्री येते.

मालकांना मी चूक ठरवत नाही. चार एकर वाळलेलं बघून माणूस खाली खणणारच. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, तेव्हा आमचा आड कोरडा होता आणि हे रात्रभर टँकरच्या रांगेत उभे राहायचे. ती भीती अंगात बसते.

पाणाड्या चहा पिऊन गेल्यावर मी एवढंच विचारलं, "अहो, बोअरला किती लागतील?"

"लाख तरी. वर मोटार."

"आणि त्या पैशात तळ्याचा कागद बदलून तळं दुप्पट केलं तर?"

"पाऊस कुठंय तळं भरायला?"

"पाऊस नसला तर बोअरला पाणी कुठनं येणार?"

हे काही बोलले नाहीत. हो म्हणाले नाहीत, पण मागितलेला ॲडव्हान्स पाणाड्याला दिलेला नव्हता, ते मी बघितलं होतं.

रात्री ८

हरभऱ्याची भाजी आंबटसर, वर लसणाची फोडणी. लेकीचा फोन आला. तिला आकडे सांगितले: चार फूट, साठ दिवस, वर मिटलेली पानं, खाली लाडू. ती म्हणाली, "मग सगळ्याला कशाला देतेस?" मलाही सकाळपासून तेच वाटत होतं, फक्त दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायचं होतं. खालच्या दहा गुंठ्यांना आज कोळपणी मिळाली, भारी जमीन आहे, ते निभावतील. वरच्या दहा गुंठ्यांना पाणी. पन्नास हजार लिटर. वाफसा आला की मग तिथं कोळपं.

रात्री १०

या आठवड्यात शेतीची लाईट रात्री दहा ते सहा. थंडी मी म्हणतेय. मालक न सांगता बरोबर आले, हातात काठी, विंचू-काट्याचं रान. तुषारची सात नोझल संध्याकाळीच वरच्या रानात उभी केली होती. मोटारीचं बटण दाबलं, पाईपात आधी हवा खोकली, मग एकेक नोझल टक-टक करत फिरायला लागलं. सात नोझल, चार तास. यात माणसानं करायचं काही नसतं, फक्त एखादं अडकलं तर काडीनं मोकळं करायचं. तरी दोघंही बांधावर बसून राहिलो. शेकोटी केली. ह्यांनी सोयाबीनच्या रानाकडे बघत विचारलं, "तुझ्याकडं बाजरीचं बी किती हाय गं?"

"तुम्हाला किती पायजे?"

"एका एकराचं."

"गटात दीडपटीनं परत करावं लागतंय."

"माहीत हाय."

रात्री २

मोटार बंद केली. बॅटरीच्या उजेडात तळ्यात काठी घातली. अडीच फुटांच्या रेघेवर दोन बोटं.